एकाच भांड्यातलं शिसं

डॉयल बोलायच्या आधी थुंकत असे. कॉफीचा एक रिकामा डबा तो जाईल तिथे बरोबर बाळगी, चांदमारीवर, तळघरात, गाडीतसुद्धा. तंबाखूची तपकिरी पिंक त्या डब्यात पडली की मग त्याचं वाक्य येई. वेल्डाला त्या वाक्यांचा कंटाळा होता, पण पिंकेच्या आवाजाची तिला किळस होती. चाळीस वर्षं हा माणूस तिचा दीर होता आणि चाळीस वर्षांत त्याच्या शेजारी बसून तिने एकदाही कॉफी प्यायली नव्हती.

त्या बुधवारी, नेमबाजी मंडळाच्या सरावालाही तो आधी थुंकला. मग वेल्डाच्या निशाणाचा कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून म्हणाला, "हे बघा रे. ही गोळी आहे का मासा? आडवी पोहत गेलीये."

कागदावर भोकं होती, पण गोल नव्हती. त्यांच्या गोळ्या सपाट तोंडाच्या. अशी गोळी सरळ गेली की तिकीट तपासणाऱ्याच्या चिमट्याने पाडावं तसं स्वच्छ, गोल भोक पडतं. वेल्डाच्या कागदाला लांबट, फाटक्या काठांच्या चिरा पडल्या होत्या. गोळ्या हवेत कोलांट्या खात जात होत्या. दोन तर कागदाला शिवल्याच नव्हत्या.

"नळीला परत शिसं धरलंय," वेल्डा म्हणाली. "माझा हात ठीक आहे."

"हात ठीक आहे म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितलीत," डॉयल म्हणाला. "माझे वडीलही म्हणायचे. गाडी ओढ्यात घातली तेव्हासुद्धा म्हणत होते."

मर्विन खुर्चीत बसून आपलं पिस्तूल पुसत होता. मर्विन तसा कधी फारसा बोलतच नसे. वेंडेल ओट संघाचा कप्तान. जन्मभर टपाल वाटलेला, कुणाच्याही कुत्र्याला न दुखावता दारापर्यंत जायची सवय असलेला माणूस. भांडण दिसलं की तो चष्मा पुसायला घ्यायचा. आताही त्याने चष्मा काढला.

टॅलमन क्रीकच्या मंडळाची एक जुनी रीत होती. संघातल्या चौघांच्या गोळ्या एकाच भांड्यातल्या. शनिवारी दोघांनी बसून शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि गोळ्या चौघांत वाटायच्या. काडतुसात दारू मात्र ज्याने त्याने आपल्या हाताला झेपेल तेवढी भरायची. मागे दोन सख्खे भाऊ गोळ्यांवरून हातघाईवर आले होते, तेव्हापासूनची ही रीत. हरलात तर गोळीला नावं ठेवायची नाहीत, कारण जिंकणाऱ्याचीही गोळी तीच असते. हे भांडं सव्वीस वर्षं वेल्डाच्या घरी होतं. नवरा हार्लन ऑक्टोबरात गेला आणि भांडं त्याच्या भावाकडे, डॉयलकडे गेलं. त्यानंतरच वेल्डाच्या गोळ्या आडव्या जायला लागल्या.

"शिसं नळीला चिकटतंय म्हणजे शिसं मऊ पडतंय," डॉयल समजावायला लागला. लहान मुलाला समजावतात त्या आवाजात. "साधी गोष्ट आहे, वेल्डा. तुझ्यासाठी मी दर वेळी जरा जरा टणक करत आणलंय. या शनिवारी आणखी करतो. तुझ्यासाठीच, बरं का."

या 'तुझ्यासाठीच'ने तिच्या अंगावर काटा आला. पण म्हणणं तिला पटत होतं, हीच तर गोम होती. मऊ वस्तू चिकटते, टणक चिकटत नाही. सगळं मंडळ असंच मानत होतं आणि तीही मानत होती. मग दर आठवड्याला टणक होत गेलेली गोळी दर आठवड्याला जास्त का चिकटत होती, हे कुणी विचारत नव्हतं. उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. बाईचं वय झालं.

वेंडेलने चष्मा परत चढवला. "तीन आठवड्यांवर जिल्ह्याच्या ढालीची स्पर्धा आली, वेल्डा. मी काय म्हणतो... क्रेगला एकदा उभं करून बघूया का? तेवढीच तुला विश्रांती."

क्रेग डॉयलचा जावई. गालिचे विकायचा.

"मी दमलेय असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. कुणीच नाही." वेंडेल घाईने म्हणाला. "पुढच्या बुधवारी बघू. तेव्हाही असंच झालं तर मग ठरवू. चालेल ना?"

न चालून काय करणार होती ती! मंडळातली खिडकीजवळची खुर्ची युद्ध संपून हार्लन परत आला त्या वर्षापासून तिची होती. वर्तमानपत्राची कचेरी गेली, हार्लन गेला. गावात आता जो तो तिच्याशी हळू आवाजात बोलायचा आणि तिचा कोपर धरून तिला रस्ता ओलांडवायचा. बुधवारची खुर्ची तेवढी उरली होती. तिथे तिला सगळे तिच्या गुणांवरून ओळखत, निदान आत्तापर्यंत ओळखत होते.

घरी येऊन तिने पितळी तारेचा ब्रश नळीतून फिरवला. राखाडी पापुद्रे सुटून वर्तमानपत्रावर पडले, जुन्या जखमेची खपली पडावी तसे. ती घासत राहिली. हार्लनच्या वेळी हे कधी करावं लागलं नव्हतं. तेलाचा एक बोळा फिरवला की नळी आरशासारखी.

हार्लन टेलिफोन कंपनीत केबल जोडायचा. त्या काळी केबलवर शिशाचं जाड कवच असे, मऊ, जवळजवळ निर्भेळ. त्याचे निकामी तुकडे तो संध्याकाळी डब्यातून घरी आणी. वेल्डा गावच्या वर्तमानपत्रात लायनोटाइप या ओळी जुळवायच्या यंत्रावर बसे. कळ दाबली की अक्षरांचे साचे खळखळत खाली येत, वितळलेलं शिसं त्यात जाई आणि एकेक अख्खी ओळ चकचकीत, गरम, उलट्या अक्षरांची बाहेर पडे. त्या शिशात कथील आणि अँटिमनी भरपूर, म्हणून ते टणक. कचेरीतल्या जुन्या लगडी हार्लन अधूनमधून विकत आणी, आणि ते यंत्र मोडीत निघालं तेव्हा उरलेल्याही त्याने आणल्या. शनिवारी तो भांडं चुलीवर चढवी, केबलचं शिसं घमेलंभर घेई आणि वेल्डाच्या छापखान्यातली एखाददुसरी लगड हलकेच वर ठेवी. "माझं घमेलंभर, तुझं मूठभर," तो म्हणे. "संसाराचं उलट आहे. तिथे तुझंच जास्त." मग चर्चमधल्या मेणबत्तीचा उरलेला तुकडा टाकून ढवळी आणि मधाच्या पोळ्यासारखा वास घरभर पसरे. वेल्डाच्या केसांना दिवसभराच्या शिशाचा वास असे आणि त्याच्या सदऱ्याला संध्याकाळच्या. दोघांना तो एकच वास वाटायचा.

तळघरात भांड्याच्या वरच्या फळीवर रबर लावून ठेवलेल्या शिशाच्या तीन ओळी होत्या. वेल्डाने अडतीस साली स्वतःच्या लग्नाची बातमी स्वतःच लायनोवर ठोकली होती, तिच्या त्या ओळी. मालकाने छापून झाल्यावर तिला बक्षीस दिल्या होत्या. उलटी अक्षरं वाचता येणारी घरात ती एकटीच. हार्लन मात्र दर वेळी ओळी हातात घेऊन म्हणे, "काय लिहिलंय गं? अजून मी नवराच आहे ना?"

हार्लनला पुरून आले त्या दिवशी, शेजाऱ्यांनी आणलेली नूडलची नि ट्यूनाची भांडी वेल्डा मोरीत घासत असताना, डॉयल आणि क्रेग तळघरातून भांडं आणि लगडी उचलून घेऊन गेले होते. "तुला ओझं नको आता," असं डॉयल म्हणाला होता. त्यानंतर ती तळघरात फारशी उतरलीच नव्हती.

शनिवारी ओतायला तिची पाळी होती. डॉयलच्या तळघराच्या पायऱ्या उतरतानाच ओल्या कुत्र्याचा वास आला. त्याच्या खाली गळाला लावायच्या गांडुळांचा, आणि सगळ्यावर तंबाखूचा. गांडुळांचा पुठ्ठ्याचा डबा फ्रिजमध्ये होता, सॉसेजच्या शेजारी. तिने फ्रिजचं दार पायानेच लोटून लावलं. भांडं गॅसवर होतं. हार्लन ते बाहेरूनसुद्धा पुसून ठेवायचा. आता त्याच्या काठावरून तपकिरी ओघळ सुकून करपले होते. डॉयलचा नेम डब्यात दर वेळी बसत नव्हता म्हणायचा.

"ये, ये," डॉयल म्हणाला. "आज खास तुझ्यासाठी अख्खं भांडं छापखान्याच्या शिशाचं. दुसरं काही नाही. काचेसारखं टणक! चिकटायची बिशाद आहे का?"

"आणि हार्लनचं केबलचं शिसं?"

"ते कसलं शिसं, लोणी ते! नखाने कोरलं जायचं. त्याचा मी नावेसाठी नांगर ओतला."

"मग तो नांगर दे मला."

"दिला असता. पण मागच्या महिन्यात दोरी तुटली." डॉयल थुंकला. "तळ्याच्या तळाशी गेला. काय सांगू, नवी दोरी होती."

सव्वीस वर्षं तारांच्या खांबांवर चढून, थंडीत बोटं फुटेपर्यंत गोळा केलेलं शिसं!  वेल्डाने हातमोजे चढवले आणि पळी घेतली.

गोळ्या साच्यातून निघून दुमडलेल्या टॉवेलवर पडायला लागल्या. चकचकीत, कंगोरे अगदी धारदार. एक दुसरीवर आदळली की टिण्ण करून वाजायची. वेल्डाचा हात थांबला. हार्लनच्या गोळ्या अशा वाजत नसत. त्या टॉवेलवर पडत तेव्हा ओल्या मातीचं ढेकूळ पडावं तेवढाच आवाज व्हायचा.

आणि मग तिला तो हिवाळा आठवला. चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरून तिचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण पिस्तुलाचा हिसका सोसवेना, म्हणून हार्लनने तिच्या काडतुसातली दारू कमी केली. त्याच शनिवारी भांड्यावर दोन लगडी ठेवता ठेवता त्याने एक परत खाली ठेवली. "आता तुझी एकच पुरे," तो म्हणाला. तिला राग आला होता. छापखाना बंद, हात मोडका, आणि आता भांड्यातसुद्धा आपला वाटा अर्ध्यावर! दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. तो मात्र बापडा सांगत होता, "अगं, गोळी म्हणजे बूच. मागून धक्का बसला की फुगून नळी गच्च भरली पाहिजे. तुझा धक्का हलका, मग बूच मऊ नको का? टणक बूच फुगत नाही. मग जाळ कडेने निसटतो, गोळीचं अंग चाटतो, आणि ते वितळून नळीला बसतं."

त्या वेळी हे सगळं तिच्या एका कानातून आत गेलं होतं. आता इतक्या उशिरा, डॉयलच्या दुर्गंधी तळघरात, ते डोक्यात शिरलं. बाकीचे तिघे भरपूर दारू भरत, त्यांचा धक्का टणक गोळीलाही फुगवत होता. तिचा फुगवत नव्हता. आणि तिची नळी जितकी माखत होती, तितका हा शहाणा शिसं आणखी टणक करत होता.

"डॉयल, हे फार टणक झालंय."

"फार टणक?" तो खो खो हसला. "फार टणक असं काही असतं का, वेल्डा? फार श्रीमंत म्हणतेस तसं झालं."

"हार्लन एक लगड घालायचा. एकच."

"हार्लन देवमाणूस होता, पण चिकट होता. मी नाही तसा. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं घातलंय. त्या फळीवरच्या तीन ओळीसुद्धा दोन ओतणींपूर्वी टाकल्या, म्हटलं कशाला वाया घालवा?"

वेल्डाने पळी भांड्याच्या काठाला टेकवली. "रबर लावलेल्या?"

"हो, त्याच. उलटी अक्षरं, कोण वाचतंय! रबरासकट पडल्या गं, आणि काय घाण वास सुटला म्हणतेस! कुत्रासुद्धा बाहेर पळाला."

तो हसला. हसताना त्याच्या खालच्या ओठातली तंबाखूची गोळी दिसली, काळी, ओली.  वेल्डाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण रडू येईना. नुसती घाण वाटत होती. त्या ओठाची, त्या डब्याची, त्या हसण्याची. आणि त्याला काही कळलेलं नव्हतं याची सगळ्यात जास्त. दुष्टपणाने केलं असतं तर निदान दोन शब्द सुनवता आले असते. हा तर उपकार करत होता.

"रंग उडालाय तुझा," डॉयल म्हणाला. "वर जाऊन बस. मी म्हणतोच आहे, वय झालं."

"भांडं रिकामं होईपर्यंत ओतायचं, अशी रीत आहे," वेल्डा म्हणाली आणि तिने शेवटची गोळी ओतेपर्यंत पळी सोडली नाही. जाताना आपल्या वाट्याच्या गोळ्या न मोजताच उचलल्या.

रविवारी चर्चहून आली ती कपडे बदलून, रबरी बूट घालून चांदमारीवर गेली. मैदानाच्या टोकाला, जिथे शाळेची पोरं पॉइंट बावीस बोअरच्या छोट्या बंदुका चालवायला शिकत, तिथला मातीचा बांध पोरांच्या गोळ्यांनी भरलेला होता. त्या छोट्या गोळ्या मऊ शिशाच्या असतात. गावात फुकट मिळणारं मऊ शिसं आता तेवढंच उरलं होतं.

तिने फावडं मारलं आणि पहिल्याच ढेकळाबरोबर उंदरांचं घरटं बाहेर आलं, आत गुलाबी, आंधळी, वळवळणारी पिल्लं. तिने ते तसंच फावड्यावर उचलून गवतात नेऊन ठेवलं आणि परत आली. पुढे बिअरची बुचं निघाली, कुणीतरी चघळून टाकलेला च्युइंगम, कुत्र्याने केलेली घाण. चिखल इतका चिकट की बोटं एकमेकांपासून सुटेनात. आणि त्या सगळ्यात त्या गोळ्या, चेमटलेल्या, पांढुरक्या, उपसलेल्या दातांसारख्या. एकेक वेचायची म्हणजे बोटं त्या घाणीत घालायलाच हवी होती.

मर्विन गवत कापायला आला होता. यंत्र बंद करून तो बराच वेळ बघत उभा राहिला, मग गाडीकडे गेला आणि परत आला.

"चाळणी," तो म्हणाला आणि तिच्याजवळ चाळणी ठेवून गेला.

ते सगळं तिने घरी आणून नळाखाली धुतलं आणि भट्टीच्या पत्र्यावर पसरून खडखडीत वाळवलं, कारण तापल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर ते तोंडावर उडतं. सोमवारी मागच्या पडवीत, दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून, जुन्या बिडाच्या पातेल्यात ते चढवलं. या पातेल्यात पुन्हा कधी काही शिजणार नव्हतं. आधी धूर निघाला. जळालेल्या केसांसारखा, करपलेल्या गांडुळांसारखा वास. मग वर काळी, बुडबुड्यांची साय आली. ती तिने झाऱ्याने काढून टाकली, परत आली, परत काढली. किती घाण असते एवढ्याशा शिशात! मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळलं, आणखी एक थर काढला, आणि मग खाली एकदम लख्ख रुपेरी तळं दिसलं.

हार्लनचा एका गोळीचा जुना साचा तिच्या स्वयंपाकघराच्या खणात होता. डॉयलला तो सापडला नव्हता, कारण डॉयलने आयुष्यात स्वयंपाकघराचा खण उघडला नव्हता. तिने पहिली गोळी ओतली. गोळी सुरकुतलेली निघाली. कंगोरे गोलसर, कडेला खड्डा. दुसरीही तशीच. नुसतं मऊ शिसं साच्याच्या कोपऱ्यात जाऊन बसत नाही, आळसट असतं. त्याला थोडं कथील हवं, थोडा ताठपणा हवा. छापखान्याची एखादी तरी लगड हवी, आणि ती तर एकही उरली नव्हती.

ती खुर्चीवर बसून त्या सुरकुतलेल्या गोळीकडे बघत राहिली. मग उठली. फळीवर डॉयलच्या गोळ्यांचे डबे होते, शनिवारचा आणि त्याच्या आधीचे, न वापरलेले. जुन्यातला जुना, दोन ओतणींपूर्वीचा डबा तिने उघडला. या डब्यातल्या गोळ्यांना अजून रबर जळाल्याचा वास येत होता की तिलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. एक मूठ घेऊन तिने पातेल्यात सोडली. टणक गोळ्या क्षणभर तरंगल्या, वाकल्या आणि दिसेनाशा झाल्या. ढवळून तिने गोळी ओतली, थंड केली आणि अंगठ्याच्या नखाने दाबली. नख फार सहज रुतलं. आणखी अर्धी मूठ. या वेळी ओरखडा उठला, पण जोर लावावा लागला. कंगोरे स्वच्छ आले होते. टॉवेलवर गोळी पडली तेव्हा वाजली नाही.

"मूठभर," वेल्डा मोठ्याने म्हणाली. पडवीत दुसरं कुणी नव्हतं.

बुधवारी ती मंडळात गेली तेव्हा क्रेग तिच्या खुर्चीत बसला होता. तिला बघून अर्धवट उठला. "मिसेस किमेल, तुम्ही बसा ना."

"बस, बस. मला आज उभंच राहायचंय," वेल्डा म्हणाली. टेबलावर तिने आपलं पिस्तूल आणि दोन डबे ठेवले. "डॉयल, माझा हात गेलाय म्हणतोस ना? मग तुझ्या हाताने मार. माझं पिस्तूल, माझ्या मापाची दारू, तुझ्या शनिवारच्या गोळ्या. नळी सगळ्यांदेखत बघून घे, मी घासून आणलीये."

"हे काय नाटक?"

"बाईच्या पिस्तुलाला घाबरलास?"

मर्विनने मान खाली घातली. हसू आवरताना त्याचे खांदे हलत होते. डॉयल थुंकला, डबा खाली ठेवला आणि उभा राहिला. नेमबाज तो खरंच चांगला होता. हे वेल्डा कधीच नाकारत नसे. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या गेल्या. तिसरी तिरकी झाली. नंतर एकेक आडवी व्हायला लागली आणि शेवटची तर कागद सोडून चौकटीच्या लाकडात घुसली. वेंडेलने कागद आणला. 

"पिस्तूल झिजलंय," डॉयल म्हणाला.

वेल्डाने पिस्तूल घेतलं, तिथेच बसून ब्रशने नळी साफ केली. पापुद्रे टेबलावर पडू दिले, मुद्दामच, डॉयलच्या बाहीजवळ. दारू तेवढीच, फक्त दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या भरल्या आणि उभी राहिली. मनगट दुखत होतं, पण ते रोजचंच होतं.

कागद आला. भोकं गोल होती. एक जरा बाहेर गेलेलं, बाकीची एका मुठीखाली झाकतील एवढ्यात. वेंडेल नळी उजेडाकडे धरून आत बघत राहिला.

"आरसा आहे," तो म्हणाला.

"कसलं शिसं हे?" क्रेगने विचारलं.

"पोरांच्या बांधातलं. आणि मूठभर तुझ्या सासऱ्याचं."

"म्हणजे रीत मोडली!" डॉयल एकदम उसळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "एकच भांडं, वेंडेल! हिने घरी वेगळं चढवलं. अशाने खेळायचं असेल तर कुणीही काहीही ओतेल. हिला संघाबाहेर बसवायलाच हवं."

वेंडेलचा हात चष्म्याकडे गेला. रीत खरोखरच मोडली होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं. वेल्डालाही माहीत होतं. ती वेंडेलकडे बघत राहिली. वेंडेल चष्मा पुसत राहिला. काच फुटेल की काय, इतका वेळ पुसत राहिला.

"एकच भांडं," मर्विन म्हणाला.

सगळे वळले. मर्विनने घसा साफ केला. "मग तिचंच भांडं एक करा. माझ्याही नळीला धरतं शिसं, थोडं थोडं. मला वाटायचं माझंच काही चुकतंय."

एवढं लांब भाषण त्याने लग्नातसुद्धा केलं नसेल. वेंडेलने सुटकेचा श्वास टाकून चष्मा घातला. "ठीक. भांडं वेल्डाकडे. आणि जागा... जागा होती तशीच. क्रेग, तू पुढच्या वर्षी, बाळा."

क्रेगने खुर्ची रिकामी केली. वेल्डा बसली. वाटलं होतं, या क्षणी आपल्याला फार बरं वाटेल. पण समोर डॉयल डबा तोंडाशी नेत होता. थुंकून झाल्यावर त्याने तोंड पुसलं आणि वेंडेलला म्हणाला, "मी तर केव्हापासून हेच म्हणत होतो. जरा मऊ करायला हवं. बोललोही असेन कधीतरी." आणि वेंडेलने मान डोलावली! भांडण मिटलं या आनंदात त्याने खरोखरच मान डोलावली. वेल्डाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

ढाल त्यांना मिळाली नाही, तिसरे आले. पण वेल्डाच्या कागदावर सगळी भोकं गोल होती.

भांडं डॉयलने त्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी आणून दिलं होतं. दारात ठेवलं, आणि आत त्याचा कॉफीचा डबा, विसरलेला, अर्धा भरलेला. वेल्डाने तो चिमट्याने उचलून हात लांब धरून रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पिंपापर्यंत नेला. मग भांडं घासलं. वाळूने, तारेने, सोड्याने, बाहेरून, आतून, काठाखालून. काळं लोखंड उघडं पडेपर्यंत घासलं. शनिवारी मर्विनबरोबर ते चढवलं, बांधातलं शिसं घमेलंभर, जुन्या डब्यातल्या गोळ्या मूठभर. मेणबत्तीचा तुकडा टाकला.

मेणाचा वास आला, क्षणभरच. मग भांडं नीट तापलं आणि काठाच्या कुठल्यातरी न दिसणाऱ्या भेगेतून तंबाखू करपल्याचा वास वर आला. मर्विनने नाक मुरडलं.

"जाईल," तो म्हणाला.

वेल्डाने खिडकी आणखी उघडली. पुढच्या शनिवारीही तो वास होता. त्याच्या पुढच्याही.